घामाचे दाम मागायला जीव शाबूत हवा



जिल्हा बैठकीत अर्धा तास ताण आणि तब्येतीच्या विषयाला द्यावा, अशी सूचना आली तेव्हा सगळ्यांत आधी आम्हीच नाक मुरडले होते. आमचे म्हणणे सरळ होते. कापसाला भाव नाही, कर्ज फिटत नाही, म्हणून झोप लागत नाही. भाव द्या, झोप आपोआप येईल. ज्याचा खिसा कापला त्यालाच डोळे मिटून श्वास मोजायला सांगायचे, हा कुठला न्याय? सरकारला तेच हवे असते. एका हाताने पॅकेज जाहीर करायचे, समुपदेशक पाठवायचे आणि दुसऱ्या हाताने भाव पाडायचे.

यातला शब्द न् शब्द आम्हाला आजही मान्य आहे. २०२५ सालचेच पाहा. मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. पऱ्हाटी अजून वावरात उभी असतानाच, १९ ऑगस्टला, केंद्र सरकारने कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. ऐन वेचणीत परदेशी गाठींना दार सताड उघडे. कास्तकाराच्या छातीतली धडधड कुठून येते, हे कोणी आम्हाला समजावून सांगायला नको.

पण धडधड कुठून येते हे कळल्याने ती थांबत नाही. आणि थांबली नाही तर ती माणसाला आतून पोखरते. म्हणून आमचे मत बदलले.

शरीरात काय होते ते आपल्या गोठ्यातच पाहा. गाय बिथरली की पान्हा चोरते. कितीही ओढा, दूध उतरत नाही. बैल भ्यालेला असला तर रवंथ करत नाही. जू उतरले, सावलीत बसला, जीव थाऱ्यावर आला, की मग तोंड हलू लागते. माणसाचेही तसेच आहे. धोका दिसला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात रसायने सोडतात. काळीज जोरात चालते, रक्तदाब चढतो, साखर रक्तात उतरते, पचन मंदावते. लढायचे किंवा पळायचे, यासाठी अंग तयार होते. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१५ सालीच हे लिहून ठेवले आहे.

वाघ समोर आला तर ही तयारी जीव वाचवते. वाघ जातो, अंग निवते. पण आपला वाघ जातच नाही. जूनमध्ये पाऊस दडी मारतो, दुबार पेरणी उरावर बसते. मग तुडतुडे, मग बोंडअळी. रात्री रोही आणि रानडुकरांसाठी जागल. दिवाळीला व्यापाऱ्याचा काटा, मार्चमध्ये बँकेची नोटीस. बारा महिने अंग लढाईच्या तयारीत आणि लढायला समोर कोणीच नाही. अशाने रक्तदाब वाढून बसतो, झोप तुटते, पोटात जळजळते, बारीकसारीक गोष्टींवरून घरात भांडण पेटते. मग खर्रा, बिडी, दारू. तंबाखूने घटकाभर बरे वाटते, पण काळजाचे ठोके ती वाढवतेच. दारूने डोळा लागतो, पण गाढ झोप मोडते.

सर्वांत मोठा तोटा हिशेबाचा आहे. तामिळनाडूत ५४ गावांतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची चाचणी घेतली गेली. तोडणीच्या आधी, हात तंग असताना एकदा, आणि पैसे हातात आल्यावर पुन्हा. तोच माणूस, पण तंगीच्या दिवसांत त्याची बुद्धी कमी चालली. २०१३ साली हा अभ्यास छापून आला. याचा अर्थ आम्ही असा घेतो, की शेतकरी अडाणी म्हणून चुकत नाही, चिंतेने त्याचे डोके अडवून ठेवलेले असते म्हणून चुकतो. कोऱ्या कागदावर अंगठा, घाईत विकलेला माल, हे सगळे त्याच दिवसांत घडते. सावकाराला ते आपल्या आधी कळले आहे.

आणि पुढची पायरी सगळ्यांना ठाऊक आहे. २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या. त्यांतले ४,२४८ आपल्या महाराष्ट्रातले. त्यांच्या घरच्यांना पात्र-अपात्रच्या रांगेत उभे करण्यापलीकडे सरकारने काय केले, हा प्रश्न आम्ही विचारतच राहू. पण आपल्या आळीतला माणूस महिना महिना गप्प होता, तेव्हा आपण काय केले, हा प्रश्न आपल्यालाही आहे.

करता येण्यासारखे काय आहे? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचे काम झाले. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवले, गरज लागेल तिथे डॉक्टरांशी जोडून दिले. खिन्नतेच्या आजारात मदत घेणारे आधी शंभरात चार होते, ते दीड वर्षात सत्तावीस झाले. आजाराचे प्रमाणही १४.६ टक्क्यांवरून ११.३ वर आले. भाव वाढला नव्हता, पाऊस वेगळा पडला नव्हता. कोणीतरी दारात येऊन बसले आणि ऐकून घेतले, एवढेच घडले.

दुसरी गोष्ट श्वासाची. मेंदूपासून काळजापर्यंत आणि पोटापर्यंत एक लांब मज्जातंतू जातो. काळजाला लगाम घालणे हे त्याचे काम. आपण श्वास सोडतो तेव्हा हा लगाम ओढला जातो, म्हणून ठोके किंचित मंदावतात. नाकाने चार आकडे मोजून श्वास घ्यायचा, सहा आकडे मोजून सावकाश सोडायचा. मिनिटाला सहा श्वास, दहा मिनिटे, सकाळी आणि झोपण्यापूर्वी. श्वास कोंडायचा नाही, गरगरले तर थांबायचे. रोज केले तर रक्तदाबही थोडा उतरतो. यात बुवाबाजी नाही, पैसाही नाही. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या आमच्या आज्या आणि हरिपाठाला बसणारे आमचे आजे लांब श्वास सोडतच होते. ज्याला मोजणे जमत नाही त्याने भजनात बसावे.

मात्र तीन ठिकाणी गफलत नको. फवारणीनंतर दरदरून घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणे, अंगाचे स्नायू उडणे, हा ताण नव्हे, विषबाधा आहे. फवारणीची बरीच औषधे मज्जातंतूंवरच घाव घालतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे यात गेली. अशा माणसाला औषधाच्या डब्यासकट तडक दवाखान्यात न्या. छातीत दुखून हाताकडे कळ गेली तरी तेच. आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर श्वास सुधारला म्हणून ती सोडू नका.

मायबहिणींचा ताण तर मोजदादीतच नाही. वेचणी त्यांची, चूल त्यांची, आणि नवरा गेला तर कर्जही त्यांचे. बैठकीत त्यांची वेगळी बसायची सोय हवी.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक बैठकीत रक्तदाब तपासणीचे टेबल असावे. सुरुवातीची दहा मिनिटे श्वासाला द्यावीत. प्रत्येक गावात एक भाऊ आणि एक बहीण, अशा दोघांनी गप्प झालेल्या घरी जाऊन बसण्याची जबाबदारी घ्यावी. फवारणीचे डबे घराबाहेर, कुलपात ठेवावेत. १४४१६ हा सरकारचा 'टेलिमानस'चा फुकट क्रमांक शाखेच्या फलकावर लिहावा. कोणी जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केलाच, तर पोलिसांच्या भीतीने लपवू नये. २०१७ च्या कायद्याने तो माणूस गुन्हेगार नाही, मदतीचा हक्कदार आहे.

काही जण म्हणतील, संघटनेचे आता भजनी मंडळ झाले. म्हणू द्या. भावाची लढाई एका हंगामाची नाही. धुरकरी शहाणा असेल तर बैलाला चढावावर दम घेऊ देतो, ते गाडी वर न्यायची असते म्हणूनच. आयात शुल्काचा ठराव पहिला राहील, हा ठराव दुसरा. दोन्ही मंजूर करा.