तवंगाचं लोणी होण्याआधी

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, असं आपण धरून चालतो. समुद्र ते मानत नाही. खनिज तेल लाटांवर सांडलं की त्यात हळूहळू पाणी शिरू लागतं, आणि बऱ्याचदा काही तासांतच काळ्या पातळ तवंगाचा तांबूस-तपकिरी, घट्ट चिखल होऊन बसतो. मराठी परिभाषेत अशा मिश्रणाला ‘पायस’ म्हणतात. मार्च १९६७मध्ये ‘टॉरी कॅनियन’ जहाज इंग्लंडच्या नैऋत्येला खडकांवर चढलं आणि सुमारे १ लाख १९ हजार टन कुवेती तेल समुद्रात गेलं. तेव्हापासून जगभर या चिखलाला ‘चॉकलेट मूस’ म्हणू लागले. दोन्ही नावं पंगतीतली. किनाऱ्यावर तो चिखल खरवडणाऱ्यांना चव विचारावी.

हे घडतं कसं, ते कळायला रवी पुरते. दुधात पाणी भोवती असतं आणि स्निग्धाचे थेंब त्यात तरंगतात. घुसळल्यावर निघणाऱ्या लोण्यात उलटा प्रकार: स्निग्ध भोवती, पाण्याचे बारीक थेंब आत कोंडलेले. समुद्रावरचा मूस हा लोण्याच्या कुळातला. तेलातले अस्फाल्टीन आणि रेझीन हे जड, डांबरी घटक पाण्याच्या प्रत्येक थेंबाभोवती चिवट साल धरतात. मग दोन थेंब एकमेकांवर आदळले तरी एक होत नाहीत, आणि पाणी सुटत नाही. पक्क्या मूसमध्ये साठ ते ऐंशी टक्के पाणीच असतं. पंचाहत्तर टक्के धरा: शंभर टन तेल सांडलं, तर उचलायला चारशे टन चिखल. शिवाय मूळ तेलाच्या शेकडो पट घट्ट.

पण हे सगळ्याच तेलांचं होत नाही, आणि खरी गोम इथेच आहे.

मार्च १९८९मध्ये अलास्कात ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ जहाजातून सुमारे ३७ हजार टन तेल सांडलं. पहिले तीन दिवस समुद्र शांत होता. मग वादळ आलं आणि तवंग घुसळून मूस झाला. जानेवारी १९९३मध्ये शेटलंडला ‘ब्रेअर’ फुटलं. तेल दुपटीहून जास्त, सुमारे ८५ हजार टन, आणि वादळ त्याहून भयंकर. तरीही किनाऱ्यांवर अपेक्षेपेक्षा फारच थोडं तेल लागलं. ते नॉर्वेच्या गुल्फाक्स क्षेत्रातलं हलकं तेल होतं, त्यात साल धरणारे घटक कमी. लाटांनी त्याचे बारीक थेंब करून ते पाण्यात पांगवलं, म्हणजे लोण्याऐवजी दूध झालं. ते फुकटात सुटलं असंही नाही: बरंच तेल तळाच्या गाळात गेलं आणि काही जातींच्या मासेमारीवर कित्येक वर्षं बंदी राहिली. पण नुसत्या टनांवरून यातलं काहीही आधी सांगता आलं नसतं.

आपल्याकडे मात्र टनच सांगतात. मे २०२५मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं, तेव्हा त्यात ८४ टन डिझेल आणि ३६७ टन फर्नेस ऑइल असल्याचं जाहीर झालं. डिझेल बरंचसं उडून आणि पांगून जातं. फर्नेस ऑइल चिखल होऊन राहू शकतं. हा फरक लोकांपर्यंत कितपत पोचला? जानेवारी २०१७मध्ये चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरजवळ दोन जहाजांची टक्कर झाली. सुरुवातीला गळती किरकोळ असल्याचं सांगितलं गेलं. पुढचे कित्येक दिवस स्वयंसेवक आणि मच्छीमार तिथल्या दगडांमधून बादल्या भरभरून काळा राडा उपसत होते. मुंबईजवळ ऑगस्ट २०१०मध्ये ‘एमएससी चित्रा’चं तेल अलिबाग-उरणकडच्या किनाऱ्यांवर आणि खारफुटीत शिरलं. खारफुटीच्या मुळांत अडकलेला चिखल काढताना झाडालाच इजा होऊ शकते.

मग चिखलातलं पाणी वेगळं काढता येत नाही का? विहिरीतून वर येणाऱ्या तेलातलं पायस असं फोडणं हे जुनं काम आहे. विजेच्या दाबाने ते फोडण्याचं पेटंट फ्रेडरिक कॉट्रेलनं अमेरिकेत १९११मध्येच घेतलं. कारखान्यात उष्णता, रसायन आणि वेळ हाताशी असतो; खुल्या समुद्रात यातलं काही नसतं. मूस जमला की पांगवणारी रसायनं आत शिरत नाहीत, पंप तुंबतात, आणि पाणी पाव हिस्सा झालं की तेल पेटवणंही अवघड जातं. जे करायचं ते त्याआधी, म्हणून कुठलं तेल किती तासांत घट्ट होईल हे टक्कर होण्यापूर्वीच माहीत हवं.

ते अशक्य नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार जहाजात भरलेल्या इंधनाचा नमुना किमान वर्षभर जपून ठेवावा लागतो. त्याच्या कागदावर घनता आणि गंधकाचं प्रमाण असतं. पायस किती टिकतं, याचा रकाना नाही. कॅनडाच्या पर्यावरण खात्याने शेकडो तेलांचे असे गुण तपासून यादी केली आहे. गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने किनाऱ्यावरच्या डांबरगोळ्यांचा माग रासायनिक ठशांवरून काढला आहे. तेल तपासण्याचं ज्ञान देशात आहे. मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरांत येणाऱ्या तेलांची अशी चाचणी करून यादी तटरक्षक दलाच्या टेबलावर ठेवायला कुणाची हरकत असावी?

पावसाळ्याच्या तोंडाशी गोव्याच्या वाळूत अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्याला जो काळा गोळा चिकटतो, तो अशाच मूसचा उरलेला तुकडा असू शकतो. पाण्याने तो जात नाही. खोबरेल चोळावं लागतं. पुढच्या गळतीच्या वेळी अधिकारी टनांचा आकडा वाचतील, तेव्हा पत्रकारांनी एवढंच विचारावं: तेल कुठलं, आणि त्याचं लोणी व्हायला किती तास उरले?