जुने गुण आणि नवें कॉलेज

गेल्या महिन्यांत आमच्या पुतण्याचें कॅलिफोर्नियाहून पत्र आलें. त्याची कन्या तिकडे दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत शिकते. सतराव्या वर्षीं दिलेल्या एस्. ए. टी. परीक्षेंत तिला बेताचेच गुण पडले होते. आतां तिला विद्यापीठांत तिसऱ्या वर्षास जावयाचें आहे, आणि ते जुने गुण आडवे येणार या धास्तीनें घरांत महिनाभर कोणी धड जेवलें नाहीं, असें तो लिहितो. (अतिशयोक्तीची हौस त्याला लहानपणापासूनच आहे.) आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं नातवंडें आज परदेशीं शिकतात; म्हणून चौकशीअंतीं जें कळलें तें येथें देतों.

ही परीक्षा प्रथम 1926 सालीं झाली. शाळेंतून निघालेला विद्यार्थी कॉलेजांत कसा निभावेल, याचें अनुमान करणें हा तिचा हेतु. परंतु पीक डोळ्यांपुढें उभें असतां ज्येष्ठांत बांधलेला पावसाचा अंदाज कोण काढून बसतो? दोन वर्षांचें कॉलेजचें गुणपत्रक हेंच तें पीक. आणि न्यायशास्त्रांतही प्रत्यक्षाचें स्थान अनुमानाच्या आधीं आहे. म्हणूनच वर्षभराचीं क्रेडिटें मिळवून आलेल्या विद्यार्थ्याकडे पुष्कळ विद्यापीठें हे गुण मागत नाहींत. त्याहून कमी शिकून येणाऱ्याकडे मात्र मागणारींही आहेत.

कॅलिफोर्निया विद्यापीठ तर 2021 पासून प्रवेश देतांना हे गुण कोणाचेच विचारांत घेत नाहीं. तेथें तिसऱ्या वर्षास जाण्यासाठीं 60 सत्र-क्रेडिटें आणि नेमून दिलेले इंग्रजी, गणित इत्यादि विषय पुरे केलेले असावे लागतात. कम्युनिटी कॉलेजांतून विद्यापीठाकडे जाणारी ही वाट त्या राज्यानें 1960 च्या योजनेंत मुद्दाम आंखून ठेविली आहे. दोन वर्षांचें कॉलेज म्हणजे कमीपणा, ही समजूत आमचीही होती. ती आम्ही मागें घेतों.

2020 च्या साथींत अनेक संस्थांनीं परीक्षेची सक्ती उठविली. पुढें मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेनें 2022 मध्यें व डार्टमथनें 2024 मध्यें ती पुन्हां आणण्याचें जाहीर केलें. अनोळखी शाळेंतल्या हुशार मुलाला आपलें पाणी दाखविण्यास ही परीक्षा उपयोगी पडते, हें त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. तेव्हां बदलीचे नियम प्रत्येक संस्थेचे निराळे वाचावे. पहिल्या वर्षाचे नियम तेच समजून बसूं नये.

पुतण्यास आम्हीं लिहिलें कीं, मुलीच्या यंदाच्या गणिताकडे लक्ष द्या आणि तो जुना कागद तिच्यापुढें पुन्हां काढूं नका. उत्तर मुलीचेंच आलें : ‘आजोबा, तो कागद मी केव्हांच फाडून टाकला होता. बाबांनीं चिकटवून ठेवला आहे.’