पॅनलआधी सावली मोजा!

मे महिना अर्ध्यावर आला की तुमच्याही ग्रुपवर तो फोटो पडत असेल. भर दुपारी उन्हात ठेवलेली बाटली आणि तिची सावली गायब! शून्य सावली दिवस. मुंबईत तो वर्षातून दोनदा येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. जुलैमधला बहुतेक वेळा ढगांतच जातो, म्हणून आपल्या लक्षात राहतो तो मेमधलाच.

आमच्या बोरिवलीच्या चार मजली सोसायटीत सोलरवाला सर्व्हेला आला तो नेमका याच दिवसांत, दुपारी साडेबाराला. टेप लावली, चार फोटो काढले आणि म्हणाला, "फुल ऊन आहे, दहा किलोवॅट आरामात बसेल." कमिटी खूश. मीही खूश, कारण सोलरची टूम ग्रुपवर मीच काढली होती.

मग डिसेंबर आला. सबमिशन लिहायला मी सकाळी गच्चीवर बसायचे आणि ऊन शोधत चटई सरकवत राहायचे. आग्नेयेला रिडेव्हलपमेंटमध्ये उभा राहिलेला टॉवर साडेअकरापर्यंत अर्धी गच्ची झाकायचा. तीननंतर पश्चिमेच्या जुन्या रेन ट्रीची सावली यायची. मेमधलं ते 'फुल ऊन' गेलं कुठे?

उत्तर आपल्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो. २२ डिसेंबरच्या आसपास मात्र तो भर दुपारीसुद्धा दक्षिणेकडे कलून जेमतेम ४७ अंशांवर येतो. तेव्हा ६० मीटर उंच टॉवरची दुपारची सावली साधारण ५५ मीटर पडते. सकाळ-संध्याकाळी त्याहून कितीतरी लांब. आणि गंमत बघा, आपल्याकडे आभाळ स्वच्छ असतं ते याच महिन्यांत. जून ते सप्टेंबर पावसाळा. म्हणजे सावली सगळ्यात लांब पडते ती नेमकी कमाईच्या सीझनमध्ये.

थोडीशी सावली पडली तर काय बिघडतं, असं वाटेल. पण पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. स्लो ट्रॅकवर पुढची लोकल रखडली की मागच्या सगळ्या रखडतात ना, तसंच हे. पाण्याच्या टाकीची किंवा डिश अँटेनाची सावली एका कोपऱ्यावर पडली, तरी उत्पादन त्या कोपऱ्यापुरतंच कमी होत नाही. त्यावर उपाय आहेत. पॅनलमधले बायपास डायोड झाकलेला भाग वगळून बाकीच्याला वाट करून देतात. मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लावला तर प्रत्येक पॅनल आपापलं चालतं. पण यातलं काहीही सावलीत ऊन तयार करत नाही.

हे मी कमिटीला सांगितलं, तेव्हा पहिली सूचना काय आली असेल? "मग तो रेन ट्री उडवू या." माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. पर्यावरणासाठी सोलर लावायचा आणि त्यासाठी जुनं झाड पाडायचं, हा कुठला हिशोब? एक तर १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे महापालिकेच्या परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही. दुसरं म्हणजे पश्चिमेचं झाड दुपारनंतर भिंती तापू देत नाही. ते गेलं तर एसी जास्त चालणार आणि पॅनलने वाचवलेली वीज तिथेच जाणार. आणि टॉवरचं काय? तो तर कुणी पाडणार नाही. मग कुऱ्हाड फक्त झाडावरच का?

त्यापेक्षा सिस्टिम लहान करा. आमच्या गच्चीवर अकरा-साडेअकरा ते तीन ऊन मिळतं, आणि दिवसातली सर्वांत जोरकस वीज याच वेळात तयार होते. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि विनासावलीची जागा असेल तर दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. सावलीचे तास वजा केले तर आमच्याकडे त्याहून कमी, पण पाच किलोवॅटमध्ये लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या बिलाचा चांगला भाग निघेल. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजारांची सबसिडी आहे. म्हणजे पाच किलोवॅटला ९० हजार. नेट मीटरसाठी अर्ज मात्र आपापल्या वीज कंपनीकडे. मुलुंड-भांडुपला महावितरण, अंधेरी-बोरिवलीला अदानी किंवा टाटा.

आता बॅटरी. "दिवसा साठवू, रात्री वापरू" हे ऐकायला सॉलिड वाटतं. पण नेट मीटर असेल तर जादा वीज ग्रिडला जाते आणि बिलात वळती होते. बिल कमी करायला बॅटरी लागत नाही. ती लागते लाइट गेल्यावर. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. अशा वेळी बॅटरी नसलेला साधा ग्रिड-सोलरही बंद पडतो, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो.

पण असे प्रसंग आपल्याकडे किती? म्हणून बॅटरी घ्यायचीच तर गरजेपुरती घ्या. एक पंखा ७५ वॅट, दोन एलईडी मिळून २०, राउटर १०, लॅपटॉप ६५. एकूण १७० वॅट. चार तासांचे होतात जेमतेम पाऊण युनिट. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी एवढं सहज पेलते. यात दीड टनाचा एसी घातलात की त्याच चार तासांना सहा युनिट लागू शकतात आणि बजेट कोसळतं. सबसिडीही पॅनलच्या किलोवॅटवर मिळते, बॅटरीवर नाही.

तुमच्या घराला गच्ची नसेल, फक्त एक खिडकी असेल, तर खिडकीच्या ग्रिलला पॅनल टांगण्याआधी तिथे ऊन किती तास येतं ते बघा. दोनच तास येत असेल तर ते पैसे कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी पंख्यावर घाला. पंखा ७५ वॅटवरून तिशीपर्यंत खाली येतो, तोही सावलीत!

हे सगळं करायला इंजिनीअर असावं लागत नाही. डिसेंबरमधल्या एका रविवारी खडू घेऊन गच्चीवर जा. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला सावलीची कड आखा, वेळ लिहा, फोटो काढा. दक्षिणेकडच्या कुठल्या जुन्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट ठरलंय, तेही विचारून ठेवा. पॅनल २५ वर्षं टिकतात, आणि उपनगरात शेजारची बिल्डिंग तेवढी वर्षं चारच मजल्यांची राहील याची खात्री कोण देणार?

आमच्या गच्चीवर मी त्या रेषा आखल्यात. पुढच्या जनरल बॉडी मीटिंगला कोटेशनच्या आधी त्यांचे फोटो दाखवणार आहे. सेक्रेटरी काकांना एवढंच सांगायचंय: दहा नको, पाच बसवू या, आणि झाड राहू दे.