१८६० सालचे ‘वायकिंग’ होकायंत्र आणि पंचवटीचे गोंदण

#थ्रेड

टॅटू स्टुडिओच्या चित्रसंग्रहात हल्ली आठ टोकांचे एक चिन्ह हमखास आढळते. नाशिकही त्याला अपवाद नाही. मध्यबिंदूतून आठ दिशांना आठ दांड्या, प्रत्येक दांडीच्या टोकाला वेगळी नक्षी. नाव ‘वेगविसिर’, म्हणजे वाट दाखवणारा. सोबत अर्थही मिळतो: हे वायकिंग दर्यावर्दींचे होकायंत्र, हजार वर्षांपूर्वी ते गलबतावर कोरत, अंगावर गोंदवत, वगैरे.

यातले नाव खरे आहे. उरलेले जवळजवळ सगळे नंतरचे.

या चिन्हाचा प्रसिद्ध आधार म्हणजे आइसलँडमधील ‘हुल्द’ नावाचे हस्तलिखित. गेइर विगफुसन या गृहस्थाने ते १८६० साली आकुरेरी गावी लिहून काढले. ज्याच्याजवळ हे चिन्ह असेल तो वादळवाऱ्यात, अनोळखी मुलखातही वाट चुकणार नाही, एवढाच त्यातील नोंदीचा आशय. तिच्यात वायकिंग नाहीत, गलबत नाही आणि गोंदणही नाही. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो इसवी सन १००० च्या सुमारास. म्हणजे हे हस्तलिखित त्यानंतर साडेआठशे वर्षांचे, आणि ज्या मंत्रतंत्राच्या वह्यांच्या परंपरेत ते बसते ती परंपराही ख्रिस्ती काळातली.

नाशिककरांच्या मापाने सांगायचे, तर सरदार रंगराव ओढेकरांनी पंचवटीत बांधलेले काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरचे. ‘प्राचीन वायकिंग होकायंत्रा’ची ही वही मंदिरापेक्षा लहान आणि भारतीय दंड संहितेच्या वयाची आहे.

तीन गुंफलेल्या त्रिकोणांच्या ‘वाल्कनुट’ची गोष्ट थोडी निराळी. आकृती खरोखर जुनी आहे. स्वीडनच्या गोटलंड बेटावरील चित्रशिळांवर ती दिसते. मात्र त्या काळच्या लोकांनी तिला काय म्हटले, हे कुठेही लिहिलेले नाही. आजचे नाव आधुनिक नॉर्वेजियन भाषेतून उचललेले, आणि त्या भाषेत ते विणकामातल्या व लाकडी कोरीवकामातल्या वेगळ्याच एका नक्षीचे नाव आहे. तरीही ‘ओडिन देवासाठी मरण पत्करलेल्या योद्ध्याचे चिन्ह’ हा अर्थ आज ठामपणे विकला जातो. एका अर्थाने ते समजण्यासारखे आहे. गिऱ्हाईक दंडावर नक्षी घेते, पण पैसे मोजते ते गोष्टीसाठी.

मुळात वायकिंग गोंदवत होते का? याचा गाजलेला पुरावा एका अरब प्रवाशाचा. इब्न फदलान ९२२ साली व्होल्गा नदीकाठी ‘रूस’ लोकांना भेटला. पायाच्या नखांपासून मानेपर्यंत त्यांच्या अंगावर हिरवट रंगाची झाडे आणि आकृत्या होत्या, असे त्याने नोंदवले. हे गोंदण की वरवरचे रंगकाम, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत; वायकिंग काळातील गोंदलेली त्वचा काही हाती लागलेली नाही. तरी ‘हिरवट’ हा शब्द लक्षात ठेवावा.

कारण गोदावरी ओलांडून पंचवटीत आले की तोच हिरवा रंग समोर येतो. रामकुंडावर बाहेरगावाहून आलेल्या वयस्क बायांच्या कपाळावर, हनुवटीवर, मनगटापासून कोपरापर्यंत तो दिसतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरपट्ट्यातील कोकणा, वारली, महादेव कोळी बायांच्या हातांवर तो आहे, तसाच देशावरच्या शेतकरी घरांतील आज्यांच्या हातांवरही. गोंदणासाठी वापरत ती काजळी काळी. पण त्वचेखाली गेलेला काळा कण बाहेरून निळसर-हिरवा दिसतो, कारण वरच्या थरांत प्रकाश विखुरतो आणि निळी छटा तेवढी अधिक परत येते. इब्न फदलानने पाहिले ते गोंदण असेल, तर त्याचा रंग आणि देशावरच्या आजीच्या हातावरचा रंग एकाच कारणाने हिरवा असणार.

पद्धत साधी होती. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, काजळी पाल्याच्या रसात किंवा तेलात खलायची, टोचून झाल्यावर हळद लावायची. गोंदणारीण गावोगाव फिरे, जत्रेत बसे. पुढे बॅटरीवर चालणारे यंत्र आले आणि घाटावर, जत्रेत त्याची घरघर ऐकू येऊ लागली. त्या यंत्राचे कूळही मौजेचे आहे. एडिसनने कागदाला बारीक भोके पाडून लिखाणाच्या प्रती काढणारे विजेचे पेन केले. त्याच जातीच्या यंत्रावर न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने १८९१ साली गोंदण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. जत्रेतले खोके आणि वातानुकूलित स्टुडिओतले चकचकीत उपकरण ही एकाच घराण्याची दोन भावंडे होत.

तरीही एकाला गोंदण म्हणतात आणि दुसऱ्याला टॅटू, आणि दोन शब्दांच्या मध्ये अख्खी समाजरचना उभी आहे. टॅटू म्हणजे निवड, व्यक्तिमत्त्व. गोंदण म्हणजे अडाणीपणा, खेडवळपणा. नोकरीला किंवा शाळेत गेलेल्या मुलीने बाहीखाली झाकायची गोष्ट. भारतीय सैन्याच्या भरतीत गोंदणावर मर्यादा आहेत, आणि आदिवासी उमेदवारांच्या पारंपरिक गोंदणाला सवलत आहे. म्हणजे निदान एका सरकारी नियमाने तरी हे मान्य केले की काहींच्या अंगावरचे चिन्ह हौस नसून रीत असते. हौस आणि रीत यांतील हा भेद गोंदवून घेणाऱ्या पिढीने आपल्याच घरात मात्र क्वचित ओळखला.

वेगविसिर काढून घेणारा तरुण त्याच्या अर्थासाठी तासभर इंटरनेट चाळतो. त्याच्याच आजीच्या मनगटावरील नक्षीचा अर्थ तिला कोणी विचारलेला नसतो. तुळशी वृंदावन, विंचू, मोर, कमळ ही ओळखू येतात. पण कपाळावरच्या तीन ठिपक्यांचे काय, किंवा मनगटाभोवतीच्या त्या तुटक रेषेचे? मध्य आणि उत्तर भारतात ‘सीतेची रसोई’ नावाचा गोंदणाचा प्रकार परिचित आहे. सीतेचे स्वयंपाकघर म्हणून जे ओळखायचे ते बाहेरच्या नजरेला नुसती रेषांची आणि ठिपक्यांची चौकट वाटते. ज्या पंचवटीत सीता गुंफेपुढे भाविकांची रांग असते, तिथे हातावर सीतेचे घर घेऊन आलेली बाई त्याच रांगेत उभी असू शकते, आणि मागच्या माणसाला ते कळणारही नाही.

इथे अर्थाच्या बाजारात आपलीही दुकाने आहेत, हे कबूल केले पाहिजे. ‘गोंदण म्हणजे आपल्या ऋषींनी शोधलेले ॲक्युपंक्चर’, ‘कपाळावर ठिपका दिल्याने अमुक नस शांत होते’ अशा मजकुरांची व्हॉट्सॲपवर कमतरता नाही. हा मजकूर आणि ‘वायकिंग होकायंत्र’ एकाच साच्यातले आहेत: जिवंत प्रथा तिच्या स्वतःच्या पायावर उभी राहू द्यायची नाही, तिला आधी प्राचीन आणि मग वैज्ञानिक ठरवायचे. गोंदणाबद्दल बायांनी स्वतः जे सांगितले ते याहून कितीतरी मोलाचे आहे. सोने सासरचे असते, चांदी गहाण पडते, मेल्यावर अंगावरचा प्रत्येक डाग उतरवून घेतात. गोंदण तेवढे बरोबर येते. मालमत्तेवर हक्क नसलेल्या बाईने मालकीबद्दल केलेले हे विधान आहे. त्याला ॲक्युपंक्चरचे ठिगळ लावण्याची गरज नाही.

चिन्ह अंगावर वागवण्यामागे केवढा दाब असू शकतो, हे पाहायला छत्तीसगडकडे जावे लागते. तेथील रामनामी पंथ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उभा राहिला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या, मंदिराबाहेर ठेवलेल्या या लोकांनी ‘राम’ हे नाव कपाळावर, छातीवर, काहींनी सर्वांगावर गोंदवून घेतले. ज्या देवाच्या दारात उभे राहू देत नाहीत, त्याचे नाव कातडीवरून कोण पुसणार?

आणि पंचवटीत काय घडत होते? २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दारे बंद करण्यात आली; त्या रामनवमीला रथावरून संघर्ष झाला; लढा पुढे काही वर्षे चालला. १९३५ साली, याच जिल्ह्यातील येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू धर्मात न मरण्याची घोषणा केली. एकीकडे देवाचे नाव शरीरावर घेणे, दुसरीकडे त्या देवाकडेच पाठ फिरवणे: अपमान एकच, उत्तरे दोन. या दोन्ही उत्तरांपुढे ‘माझ्या टॅटूचा अर्थ धैर्य आहे’ हे वाक्य जरा पातळ वाटते. हा टॅटूवाल्यांचा दोष नव्हे. कोणी दार अडवलेले नसताना काढलेले चिन्ह हलकेच असणार, आणि ते तसे असायला हरकतही नाही.

हरकत आहे ती अज्ञानाला, कारण काही चिन्हे हलकी नाहीत. विजेसारखी दिसणारी दुहेरी ‘सिग’ अक्षरे नाझींच्या एसएस संघटनेची खूण होती. ‘काळा सूर्य’ नावाने विकली जाणारी बारा आऱ्यांची आकृती हिमलरच्या काळात व्हेवेल्सबुर्ग किल्ल्याच्या फरशीत बसवली गेली. ती वायकिंग म्हणून दंडावर घेऊन शिक्षणासाठी जर्मनीला निघालेल्या मराठी मुलाला तिथे कोणी ‘नॉर्स पुराण’ समजणार नाही. एसएसच्या खुणांचे जाहीर प्रदर्शन तर तिथे गुन्हाच आहे.

उलट, डेन्मार्कमधील स्नोल्डेलेव येथे सापडलेल्या वायकिंग काळातील शिळेवर जी चिन्हे स्पष्ट कोरलेली आहेत, त्यांत तीन गुंफलेली शिंगे आहेत आणि शेजारी एक स्वस्तिक आहे. ही शिळा हस्तलिखितातील वेगविसिरपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी. थोडक्यात, खात्रीचे वायकिंगकालीन चिन्ह हवे असलेल्या नाशिककर तरुणाच्या घराच्या उंबरठ्यावर त्यातले एक दर दिवाळीला रांगोळीने काढले जाते. यावरून कोणी ‘वायकिंग मूळचे आपलेच’ असा निष्कर्ष काढण्याच्या आत सांगितलेले बरे: काटकोनात दुमडलेला क्रॉस ही सोपी आकृती आहे, ती जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचलेली आहे.

वेगविसिरची जन्मकथा इतक्या नेमकेपणाने सांगता येते, कारण आकुरेरीच्या त्या गृहस्थाने चिन्ह कागदावर काढले, खाली नाव घातले, कशासाठी वापरायचे ते लिहिले आणि साल टाकले. महाराष्ट्रातल्या गोंदणारणीची वही म्हणजे गिऱ्हाईक बाईचा हात. ती वही वाचायला मिळते तोवर मिळते. मग गोदाकाठची अमरधाम, आणि तिसऱ्या दिवशी रामकुंडातील अस्थिविलय तीर्थ, जिथे अस्थी पाण्यात विरघळतात अशी श्रद्धा आहे. गोंदण बरोबर जाते ते असे, अक्षरशः, आणि मागे नक्कल उरत नाही. वसाहतकालीन ग्रंथांत नोंदी आहेत. १९१६ च्या रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतावरील ग्रंथात गोंदणाचे बरेच तपशील मिळतात. पण त्या नोंदी जातीनिहाय आहेत, बाईनिहाय नाहीत.

२०२७ च्या सिंहस्थाला लाखो लोक रामकुंडावर येतील. त्यांत हातभर गोंदण असलेल्या बाया असतील, बहुधा अशा शेवटच्या पिढीतल्या. छायाचित्रकार त्यांचे चेहरे टिपतीलच. सुरकुत्या आणि हिरवा ठिपका चौकटीत फार छान दिसतात. सोबत चार प्रश्न विचारले जातात का, ते पाहायचे. हे कुठल्या गावी गोंदवले, किती वर्षांची असताना? या नक्षीला तुमच्याकडे काय म्हणतात? तुम्हाला हवे होते की धरून बसवले? गोंदणारणीला काय दिले, पैसे की पायलीभर ज्वारी?