घरच्या छायाचित्रांसाठीं कॅमेरा कोणता घ्यावा ?

आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्यें सहस्रावधि छायाचित्रें सांठलेलीं असतात. परंतु आजीचें एक चांगलें चित्र दाखवा म्हटलें, तर तें शोधतां शोधतां पाहुणा निरोप घेऊन जातो. उलट जुना आल्बम उघडला कीं आजे-पणजे तत्काळ भेटतात. म्हणूनच कीं काय, कित्येक कुटुंबांस फिल्मच्या लहान कॅमेऱ्याची पुन्हां ओढ लागली आहे. ही ओढ स्तुत्य आहे. मात्र ती पुरी करितांना पैसा योग्य ठिकाणीं खर्च व्हावा, एवढ्यासाठीं हे चार शब्द.

प्रस्तुत लेखकाचें मत थोडक्यांत असें आहे : कॅमेरा साधा घ्यावा, आणि वांचलेला पैसा फिल्म व कागदावरील प्रती यांसाठीं राखून ठेवावा. इ. स. १९०० सालीं अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनीनें ब्राउनी नांवाचा, मुलांनाही वापरतां येण्याजोगा कॅमेरा अवघ्या एका डॉलरास विकावयास काढला. कॅमेरा एकदांच विकला जातो, फिल्म मात्र पुनःपुन्हां घ्यावी लागते, हें त्या कंपनीस पुरतें ठाऊक होतें. गिऱ्हाइकानेंही तें ध्यानीं धरावें. रोलची किंमत, तो धुण्याची मजुरी व प्रती काढण्याचा खर्च यांची बेरीज करून तिला चित्रांच्या संख्येनें भागावें. एका चित्रास पडणारा हा खर्च वर्षभर झेपत असेल तरच कॅमेरा घ्यावा. विद्यार्थ्यांनो, हें गणित तुम्हीं स्वतः सोडवून आईवडिलांस दाखवावें.

नवा कॅमेरा घेण्यापूर्वीं घरचें कपाट पाहावें. मोबाइल सर्वत्र होण्यापूर्वीं आपल्याकडे पुष्कळ घरीं कोडॅक केबी-१० असे. त्यांत आजही मिळणारी ३५ मिलिमीटरची फिल्म चालते. जुना कॅमेरा, घरचा असो वा बाजारांतला, पारखूनच घ्यावा. भिंग उजेडाकडे धरून आंत बुरशीचें जाळें नाहीं ना, हें पाहावें. कोंकणासारख्या दमट मुलखांत हा दोष फार. सेल ठेवण्याच्या जागीं हिरवट गंज नसावा. मागचें झांकण उघडून कळ दाबली असतां पडदा उघडून लागलीच मिटला पाहिजे. १९६७ सालीं निघालेला ऑलिंपस ट्रिप-३५ सेलाशिवाय चालतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु नामांकित अशा जुन्या विजेवर चालणाऱ्या लहान कॅमेऱ्यांस भारी किंमत देऊं नये. त्यांतील मंडळ बिघडल्यास सुटे भाग मिळणें कठीण.

नव्यांपैकीं, कोडॅकच्या नांवानें २०२२ सालीं निघालेला एक्टार एच-३५ अर्ध्या चौकटीचा आहे. ३६ चित्रांच्या रोलवर त्यांत ७२ चित्रें निघतात. २०२४ सालचा पेंटॅक्स-१७ ही त्याच जातीचा व अधिक चांगल्या भिंगाचा. परंतु पहिल्याची किंमत सुमारें ५० डॉलर, तर दुसऱ्याची विक्रीस आला तेव्हां सुमारें ५०० डॉलर होती. अर्ध्या चौकटीचें चित्र फार मोठें केल्यास दाणेदार दिसतें. पण आल्बमांतल्या लहान प्रतीस तें पुरतें.

कोणी म्हणतील, मोबाइलनें फुकट काम होत असतां हा उद्योग कशाला ? विनाखर्च व तत्काळ चित्र हवें तेथें मोबाइलच बरा, हें कबूल. पण ३६ चीच मर्यादा असली म्हणजे मनुष्य कळ दाबण्यापूर्वीं विचार करितो, आणि रोल धुतल्यावर चित्र हातीं येतें.

साध्या कॅमेऱ्याचा याहून मोठा लाभ निराळाच आहे. मौल्यवान यंत्र घरांतील एकाच माणसाच्या हातीं राहतें. इतरांस त्याला हात लावण्याची मनाई. मग जो चित्रें काढतो तो चित्रांत कधींच दिसत नाहीं, आणि पुढें मुलांजवळ नेमकें त्याचेंच, किंवा तिचेंच, चित्र नसतें. स्वस्त कॅमेरा आजीच्या हातीं द्यावा, दहा वर्षांच्या मुलाच्याही हातीं द्यावा. सूर्य पाठीशीं घेऊन, माणसांपासून पांच-सहा फूट दूर उभें राहावें, आणि हात न हालवितां कळ दाबावी. घरांत मात्र फ्लॅश लावल्यावांचून चित्र काढूं नये. एवढें शिकविलें कीं पुरे. कांहीं चित्रें फसतील. पण त्यांत सगळें घर येईल.

शेवटीं एक विनंती. प्रत हातीं येतांच तिच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनें नांवें, गांव व तारीख लिहून ठेवावी. हें काम मुलांनीं अंगावर घ्यावें व नांवें वडीलधाऱ्यांस विचारावीं. तीं सांगणारीं माणसें आज घरांत आहेत.