आवाज मोकळा झाला, फोन वाचला का?

पावसात भिजलेल्या किंवा बादलीत पडलेल्या स्मार्टफोनचा आवाज घोगरा आणि दबका होतो. अशा वेळी एखादा शेजारी हमखास सुचवतो, "एक ठरावीक स्वर मोठ्याने वाजवा, पाणी आपोआप बाहेर उडेल." ऐकणाऱ्याला हा तोडगा मंत्रतंत्रासारखा वाटतो, परंतु त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे.

स्पीकरमध्ये हवेला ढकलणारा एक पातळ पडदा असतो. त्यापुढच्या जाळीची छिद्रे इतकी बारीक असतात, की पृष्ठताणामुळे पाण्याचे थेंब तेथेच अडकून बसतात. खालच्या स्वराला पडद्याची हालचाल मोठी होते; म्हणून सेकंदाला सुमारे १६५ कंपने असलेला घुमणारा स्वर या कामी वापरण्याची रीत पडली आहे. त्या धक्क्यांनी थेंब जाळीबाहेर फेकले जातात. २०१६ मध्ये आलेल्या 'ॲपल वॉच सिरीज २' या मनगटी घड्याळात तर निर्मात्यांनीच ही सोय दिली होती.

तेव्हा या उपायाला खोटे म्हणता येत नाही. धोका आहे तो त्याच्या यशात. आवाज मोकळा झाला, की माणसाचा जीव भांड्यात पडतो आणि तो फोन लगेच चार्जिंगला लावतो. ध्वनीचा धक्का मात्र स्पीकरच्या पोकळीपुरताच असतो. चार्जिंगच्या खाचेत किंवा आतल्या सर्किटवर गेलेले पाणी जागचे हलत नाही आणि ओल्या खाचेतून वीज वाहू लागली, की धातूचे टोक गंजू लागते. पाणी समुद्राचे असेल, तर मागे राहिलेले क्षार हे काम अधिक वेगाने करतात.

आणखी एक मेख आहे. स्वर वाजवायचा, तर फोन चालू ठेवावा लागतो. 'आयपी ६७' दर्जाचा फोन एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकावा, अशी अपेक्षा असते. त्याच्या जाळीत चार थेंब अडकले असतील, तर स्वर वाजवण्यास हरकत नाही. परंतु ज्या फोनला असे संरक्षणच नाही किंवा जुना झाल्याने ज्याचे सांधे सैल पडले आहेत, तो प्रथम बंद करणेच शहाणपणाचे. (जाहिरातीत फोनवर तुषार उडवणाऱ्या कंपन्याही पाण्याने झालेले नुकसान बहुधा हमीत धरत नाहीत, हे सोयीस्करपणे बारीक अक्षरांत छापलेले असते!) तांदळाच्या डब्याचा घरगुती उपायही टाळावा, तांदळाचे बारीक कण खाचेत शिरतात. खाच खाली करून फोन हलकेच थोपटावा आणि वाऱ्याच्या जागी ठेवावा. तो पुरता सुकायला एक दिवसही लागू शकतो.

ज्या घरात एकच फोन आहे, तेथे हा एक दिवस फार मोठा असतो. त्याच फोनवर मुलीचा अभ्यास चालतो आणि त्याच फोनवर वडिलांच्या रिक्षाची भाडी ठरतात. तेथे फोन चार्जिंगला लावण्याची घाई अज्ञानातून होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.