समास कोणासाठी?

पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने टिपणे काढीत आमची पिढी वाचायला शिकली. २०१० साली आलेल्या अ‍ॅडोबी रीडर एक्सने पीडीएफवरही ती सोय विनामूल्य दिली : ओळ रंगवावी, शेजारी टीप चिकटवावी. आम्ही हरखलो. पुढे वर्गातल्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, तुम्ही पाठवलेले पान बोलत का नाही?’’ आणि आम्ही ओशाळलो.

ते पान म्हणजे स्कॅन केलेले निव्वळ चित्र होते. अशा पानापुढे एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर मुका राहतो. डोळसालाही त्यातली ओळ निवडून रंगवता येत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर दिसतो मराठी, पण आत बहुधा रोमन चिन्हे असल्याने ऐकू येते ते निरर्थक. याचा दोष मजकूर सिद्ध करणाऱ्या आपल्याकडेच येतो.

संहितेच्या अनेक वाचनांवर आपण व्याख्याने देतो. त्यांतले एक वाचन कानांनी होते, हे मात्र विसरतो. आमचे म्हणणे इतकेच : वर्गात द्यावयाचा उतारा युनिकोडमध्ये टंकावा आणि पाठवण्यापूर्वी स्वतः एकदा ऐकावा. समासात लिहिण्याचा अधिकार ज्याला पान वाचता येते, त्यालाच मिळतो.